चौतीस नंबरचं शटर

३ फेब्रुवारी १९८२

आज पुन्हा ३४. एक वाजून दहा मिनिटं. सोमवारपासून तिसऱ्यांदा. डब्यातली दुसरी पोळी मोडली, वर बघितलं तर शटर खाली. बझर चालू होता, तरी वाजला नाही.

३४ म्हणजे नदीवरचं पंपहाउस. तिथला फोन वीस तारखेलाच चौकशीवाल्यांनी काढून नेलाय. दाराला कुलूप, कुलपाला सील. फोन नाही, माणूस नाही. मग मेलं पडतंय कशानं?

बोटाने वर केलं. पोळी तशीच गुंडाळून ठेवली.

अक्का रोज विचारते, "दिवसभर त्या पेटीसमोर बसून तू करतेस तरी काय गं?" वीस वर्षं पेणहून रोह्याला एसटीने जातेय, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला अजून वाटतं मी नुसती गप्पा मारते. ही वही कधी तिच्या हाती लागलीच तर कळावं म्हणून एकदाच लिहिते. बोर्डावर पन्नास पितळी शटरं आहेत, रुपयाएवढी, प्रत्येकावर नंबर. खात्यातल्या माणसाने आपल्या फोनचा दांडा फिरवला की तारेतून करंट येतो, त्याच्या शटरामागचा आकडा सुटतो, शटर पडतं. बझर घर्र करतो. मग मी खालच्या भोकात प्लग घालायचा, बोलायची कळ ओढायची, "ऑपरेटर" म्हणायचं. कोण हवंय ते ऐकून जोडीची दुसरी कॉर्ड त्या नंबरात घालायची आणि माझ्याकडचा दांडा फिरवून तिकडे घंटी द्यायची. बोलणं झालं की प्लग काढायचे. शेवटी शटर बोटाने वर करायचं.

ते आपणहून वर जात नाही. कुणीतरी वर करेपर्यंत पडलेलंच राहतं. हे एवढंच खरं तर लिहायचं होतं. बाकीचं उगाच लिहिलं.

४ फेब्रु.

काझीभाईंना सांगितलं. कंपनीचे फोन मेकॅनिक, रोह्याचेच, माझ्याआधीपासून इथे. बोर्ड मागून उघडून अर्धा तास फुंकर मारत बसले. म्हणाले, "बाय, तार जमिनीतून गेलीय नदीपर्यंत. ओल लागली असंल कुठं. ओलीनं करंट चढतो कधी कधी."

"फेब्रुवारीत कसली ओल हो? डोंबलाची?"

"नदीला भरती येते ना. खारं पाणी लांबवर चढतं."

बरं म्हटलं. तरी त्यांनी जोडपट्टीवरून ३४ च्या दोन्ही तारा सोडवल्या आणि टोकं वळवून बाजूला ठेवली. "आता आभाळातून कुणी फोन केला तरच पडंल," म्हणाले, आणि हसले. मीही हसले. मला कुठे अवदसा आठवली हसायची.

५ फेब्रु.

एक दहा. पडलं.

काझीभाईंना बोलावलं नाही. तारांची टोकं जाऊन बघितली, होती तशीच वळलेली. बोर्ड जुना, स्प्रिंग सैल, लॉरी गेली की इमारत हादरते. हे सगळं मला माहीत आहे. पण शेजारची ३३ आणि ३५ कशी पडत नाहीत?

आज लिहूनच टाकते. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

१४ जानेवारी, संक्रांत. जेवणाची सुट्टी एक ते दीड. त्या अर्ध्या तासात मी बझर बंद ठेवायची. चोरून नव्हे हं. माझ्या खोलीला लागून पर्सोनेलच्या सबनीस साहेबांची केबिन, मध्ये नुसतं प्लायवूड. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच काझीभाईंकडून बझरला खटका बसवून घेतला. "निदान जेवताना ती घरघर नको हो, सुमनबाई." सगळ्या कंपनीला ठाऊक होतं की एक ते दीड ऑपरेटर जेवते. कुणी दांडा फिरवत नसे. मलाही पाठ टेकायला मिळे. मी खूश होते, उगाच खोटं कशाला लिहू?

त्या दिवशी अक्काने गुळपोळ्या दिल्या होत्या. टायपिंगच्या दोघी आल्या, तिळगूळ झाला. आम्ही खिडकीजवळच्या बाकावर बसलो, बोर्डाकडे पाठ करून. एक पंचवीसला उठले तर ३४ खाली. प्लग घातला. "ऑपरेटर." कुणी नाही. "काय रे हिराजी?" कुणी नाही.

हिराजी पंपहाउसचा ऑपरेटर. पेणच्या खाडीकडचा, मिठागरातलं घराणं. रोज एकला पाच कमी असताना दांडा फिरवायचा. दोन आखूड, एक लांब. शटर पडलं तरी मागची पट्टी थरथरते, त्यावरून मी कोण ते ओळखते. काम काहीच नसायचं. "बाय, जेवन झाला का?" एवढंच. मी म्हणायची, "अजून पाच मिनिटं आहेत रे, भुकेल्या." मला वाटलं, आज सणाचा उशिराने केला असेल.

शटर वर केलं. बोटाला तूप होतं. नेहमीच्या सवयीने, न बघता.

एक चाळीसला भोंगा झाला. पंपहाउसमध्ये पाणी शुद्ध करायच्या क्लोरीनचा सिलिंडर फुटला होता, एक दहाच्या सुमाराला. हिराजी दारापासून वीस पावलांवर पायरीवर सापडला. पालथा. तोंड फॅक्टरीकडे.

कंपनी म्हणते तो जागेवर नव्हता. आत असता तर नियमाप्रमाणे त्याने आधी फोन केला असता, मग व्हॉल्व्ह बंद केला असता. फोन आला नाही, म्हणजे तो आधीच बाहेर झाडाखाली पडला होता. म्हणजे त्याचाच हलगर्जीपणा. म्हणजे त्याच्या बायकोला कँटीनमध्ये नोकरीला घ्यायचं नाही.

फोन आला होता. पुरावा होता. तो मी बोटाने वर केला.

८ फेब्रु.

पौर्णिमा. काझीभाई घड्याळ घेऊन एकपासून माझ्यासमोर उभे. एक दहाला पडलं. ते म्हणाले, "बघा. पुनवेची भरती भर दुपारी असते. तेच म्हणत होतो मी." तारा सुटलेल्या आहेत म्हटलं, तर म्हणाले, "जमिनीतून पेटीच्या पायालाही चढत असंल." पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते.

१० फेब्रु.

गेटवर हिराजीची बायको. भिमाबाय. वॉचमन आत सोडेना, मीच बाहेर गेले. ठेंगणी, काळीसावळी, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं, हातांना मिठाने पडलेल्या भेगा. मोठ्याने रडेल, ओरडेल असं मनाशी धरून गेले होते. तिने काही केलं नाही.

"फोनवाली बाय तूच ना गो? तो सांगायचा, बाय बरी हाय म्हून." मग म्हणाली, "त्यानं फोन केलता का नाय, येवराच मना सांग. दुसरा काय नको."

मी म्हटलं, मला माहीत नाही.

ती वळली. जाताना म्हणाली, "तो फोन केल्याबिगर ऱ्हाणारा नव्हता." मला नाही, रस्त्याला सांगितल्यासारखं.

मेल्या, तुझी जीभ झडो. मेले, म्हणायला हवं. स्वतःला शिव्या द्यायच्याही धड जमत नाहीत.

१२ फेब्रु.

एक दहा. काझीभाई म्हणाले, "बरोबर आहे, भरती."

मी एसटीत शेजारी बसलेल्या एका खाडीकडच्या म्हातारीला विचारलं होतं. ती हसली. भरती रोज एकाच वेळेला कशी असेल? रोज पाऊण-एक तास पुढं सरते. "आज तर सांजचे चारला," म्हणाली. हे काझीभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. रोह्याच्या माणसाला भरतीची वेळ ठाऊक नसेल? ते मला धीर देत होते, दुसरं काय.

१४ फेब्रु. रविवार

घरी. समोरच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती वाळत घातल्यात, अंगणभर, अजून डोळे न काढलेल्या. लहानपणापासून बघतेय, कधी काही वाटलं नाही. आज अक्काने जेवायला हाक मारली तेव्हा नजर आधी घड्याळाकडे गेली. एक आठ. हात धुतले नाहीत. एक अकरा झाल्यावर पानावर बसले.

अक्का म्हणाली, "कुणाची वाट बघतेस का गं?"

१६ फेब्रु.

काझीभाईंनी ३४ वर चिकटपट्टी लावली, वरपासून खालपर्यंत, चांगली दाबून. मी समोर बसून बघत होते. पापणी न लववता. तेवढ्यात बाहेरून खरा कॉल आला, लाल दिव्याकडे मान गेली, मुंबईचा ट्रंक कॉल. जोडून वळले तर पट्टी खालून सुटून लोंबतेय आणि शटर पडलेलं.

"डिंक सुकला," काझीभाई.

"दहा मिनिटांपूर्वी लावलेली पट्टी?"

मग त्यांनी चहा मागवला. माझाही त्यांनीच मागवला, ते कधी मागवत नाहीत.

शटरावर माझ्या बोटाचा डाग आहे. तुपाचा. महिन्याभरात त्यावर धूळ बसून काळा झालाय. पितळेवर वळ्या स्पष्ट दिसतात. मी अजून पुसलेला नाही.

१८ फेब्रु.

आज प्लग घातला. इतके दिवस धीर झाला नव्हता.

तारा सुटलेल्या नंबरात प्लग घातला तर कानात काहीच येत नाही, कान कापसाने बंद केल्यासारखा होतो. हे मी शेकडो वेळा ऐकलंय. आज तसं नव्हतं. पलीकडे खोली होती. मोठी, रिकामी, सिमेंटची खोली असते तशी. कुणी बोललं नाही. श्वासबिस काही नाही. मी सवयीने म्हटलं, "ऑपरेटर." आणि शटरामागची पट्टी थरथरली. दोन आखूड, एक लांब.

हेडफोन काढून टेबलावर ठेवला. टायपिंगची एकजण डोकावून म्हणाली, "सुमनताई, बरं नाही का?" म्हटलं, पित्त झालंय.

काझीभाईंना फक्त खोलीचं सांगितलं. ते म्हणाले शेजारच्या जोडीतून आवाज झिरपतो कधी कधी. थरथरीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्यालाही काहीतरी कारण काढलं असतं, आणि मला आज कारण नको होतं. घाबरले होते आणि तरी नको होतं.

१९ फेब्रु.

सबनीस साहेबांनी बोलावलं. बुधवारी चौकशीची शेवटची तारीख. मुंबईहून अधिकारी येणार. टाइप केलेला कागद तयार होता. "दि. १४ जानेवारी रोजी दुपारी १ ते १.३० या वेळात ३४ क्रमांकावरून कोणताही कॉल बोर्डावर आला नाही."

मी वाचत होते तेव्हा ते पेन उघडून बसले होते. म्हणाले, "सुमनबाई, तुमची अजून चौदा वर्षं आहेत. आणि पुढच्या महिन्यात नवीन बोर्ड येतोय, बटणांचा. त्यावर कुणाला ठेवायचं ते माझ्याच हातात आहे." मग आवाज खाली करून, "त्या खटक्याचा विषय निघाला तर दोघांनाही त्रास. माणूस तर गेला."

वाईट माणूस नाही. अक्काच्या ऑपरेशनला याच माणसाने मला महिनाभर रजा दिली होती.

सही केली.

२० फेब्रु.

एक दहा. पडलं नाही.

दीडपर्यंत बसून राहिले. नाहीच.

२२ फेब्रु.

आजही नाही. काझीभाई खूश. "बघा, बसली स्प्रिंग." पेढे देतील की काय असं वाटलं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं. वाटत नाही. तीन आठवडे तो दांडा फिरवत होता, आणि मी सही केल्यावर त्याने फोन खाली ठेवला. असंच वाटतंय, त्याला मी काय करू? एकला पाच कमी असताना बोर्डाकडे बघून तोंडातल्या तोंडात म्हटलं, "हिराजी, जेवण झालं का?" शुद्ध वेडेपणा. पण म्हटलं.

तो रागावला असता तर चाललं असतं. गप्प झालाय.

२३ फेब्रु.

नाही.

अक्काला सगळं सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, तुला काय करायच्यात लष्करच्या भाकऱ्या. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "गुळपोळीला तूप मीच जास्त लावलं होतं." आणि मग पदराने डोळे पुसत राहिली. ही काय बोलायची रीत झाली? तुपाचा काय संबंध? पण मला तेवढं पुरलं.

२४ फेब्रु.

चौकशी. गेस्टहाउसचं मोठं टेबल. अधिकारी चष्म्याचे, सर्दी झालेले, सारखे रुमाल काढत होते. भिमाबाय कोपऱ्यात भिंतीला टेकून खाली बसलेली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"ही सही तुमची?"

"हो. पण वरचा मजकूर खोटा आहे."

सबनीस साहेबांनी मान वर केली नाही. मी सांगितलं. बझर बंद होता. ३४ पडलेलं होतं. मी वर केलं. आवाज असा फाटत होता की मलाच लाज वाटली.

अधिकारी म्हणाले, "पडलं होतं याला पुरावा काय?" नाही. "नोंद?" नोंद फक्त बाहेरच्या कॉलची ठेवतात. "म्हणजे तुमचा शब्द." हो. "जो परवाच्या तुमच्याच सहीच्या विरुद्ध आहे." हो.

मग म्हणाले, "बोर्ड बघू."

सगळे माझ्या खोलीत आले. पन्नास शटरं बंद. मी तुपाचा डाग दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघितलं. म्हणाले, "हा डाग त्याच दिवशीचा कशावरून? तुम्ही रोजच बोट लावता." खरंच आहे. मग त्यांचं लक्ष खटक्याकडे गेलं. "हा कशाला?" मी सांगितलं. "कुणी बसवायला सांगितला?" मी प्लायवूडच्या भिंतीकडे बघितलं. मागून काझीभाई बोलले, कुणी विचारलं नसताना, "बसवला मी, साहेब. लेखी चिठ्ठी हाय माझ्याकडं. मी चिठ्ठ्या टाकत नाय कधी."

निकाल लेखी येईल म्हणाले. मला तोवर बोर्डावर बसायला सांगितलंय, कारण दुसरं कुणी बसू शकत नाही.

या गडबडीत एक दहा कधी होऊन गेले कळलंच नाही. दोनला खोलीत परत आले. ३४ पडलेलं होतं.

बसून रडले. भीतीने नव्हे.

२८ फेब्रु. रविवार

भिमाबायच्या गावाला गेले. चौकशीत ऐकलंच होतं तिने सगळं, तरी स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. बांधावरून चालत गेले, दोन्हीकडे मिठागरं, उन्हाने डोळे दिपत होते. ती फळीने मीठ ओढत होती. मला बघून थांबली नाही. मी काठावर उभी राहून सांगत राहिले, ती ओढत राहिली.

संपल्यावर म्हणाली, "त्या दिशी तू जेवलीस का गो?"

मी म्हटलं, जेवले.

"त्याचा डबा तसाच आला मना. चौकशीवाल्यांनी दिला. उघरलेलाच नव्हता. तिलगूल घातलेला तुला द्यावाला, कागदान बांधून." मग फळी ठेवली. "एकला तुमचा जेवन व्हतंय ह्या त्याला ठाव व्हता. तरी केला म्हंजे..."

मला तिने शिव्या द्यायला हव्या होत्या. तिने पाणी दिलं.

निघताना विचारलं, "ती तुझी पेटी, मना बघाला मिलंल?"

६ मार्च

जुना बोर्ड आज गेला. नवा दोन दिवसांपूर्वीच शेजारी बसला, करड्या रंगाचा, बटणांचा, एवढासा. सकाळी काझीभाईंनी जुन्याच्या सगळ्या तारा कापल्या, बॅटऱ्या काढल्या. पन्नास नंबरांच्या तारा केसांच्या गुंत्यासारख्या जमिनीवर. मी सगळी शटरं एकदा शेवटची नीट वर केली. फडक्याने पुसली. ३४ नाही पुसलं.

भिमाबायला गेटवर घ्यायला गेले. वॉचमनने यावेळी काही म्हटलं नाही. ती बोर्डासमोर उभी राहिली. मी तिला माझ्या स्टुलावर बसवलं. "हे चौतीस." तिला वाचता येत नाही. बोट धरून दाखवावं लागलं. तिने हात लावला नाही, नुसती वाकून बघत राहिली. "येवराच?" म्हणाली.

टेम्पोवाले हमाल आले. काझीभाई त्यांना म्हणाले, "थोडं थांबा." हमालांनी बिड्या काढल्या. घड्याळ एक सात. आठ. भिमाबायला मी वेळेचं काही सांगितलेलं नव्हतं, देवाशपथ. ती आपली बघत होती.

पडलं.

आवाज केवढासा, टिक. ना तार, ना बॅटरी. हमालांपैकी एकाचा हात पेटीच्या कडेवर होता, हेही लिहून ठेवते. काझीभाईंनी तेच मला दोनदा सांगितलं, "त्याचा हात होता, बाय, त्याचा हात होता."

माझं बोट आपोआप पुढे गेलं. वीस वर्षांची सवय. भिमाबायने मनगट धरलं. मिठाने खरखरीत हात. जोरात नाही, पण सुटण्यासारखा नाही.

"ऱ्हाव दे," म्हणाली. "आता तू हात नको लावू."

शटर पडलेलं तसंच पेटी उचलली. जिन्यावरून नेताना दहा वेळा हेलकावली. बाकीचं एकही पडलं नाही. टेम्पो वळेपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. उन्हात पितळ चमकलं आणि मग दिसेनासं झालं.

९ मार्च

होळी. नव्या बोर्डावर तिसरा दिवस. कुणी फोन उचलला की बारीक लाल दिवा लागतो, ठेवला की विझतो. मी घेतला नाही तरी विझतो. नंतर बघणाऱ्याला काही कळायचं नाही. सबनीस साहेबांना विचारलं तर म्हणाले, हीच तर सोय आहे. माझ्याशी आता तेवढंच बोलतात. चिडलेले दिसत नाहीत. थकलेले दिसतात.

मी एक वही केलीय. दिवा लागला की नंबर आणि वेळ. कुणी सांगितलेलं नाही. एक ते दीडही बसते. डबा नंतर.

३४ हा नंबर नव्या बोर्डावर कुणाला दिलेला नाही. मी विचारून घेतलं. त्याचा दिवाच नाही. तरी वहीत १.१० ला एक ओळ सोडते, शनिवारपासून. तिन्ही दिवस कोरी आहे.

निकालाचं पाकीट आलंय. साहेबांच्या टेबलावर आहे, लाख लावलेलं, मी बघितलं. धुळवड असली तरी उद्या साडेदहाला फोडणार. भिमाबायला आणि मला दोघींनाही बोलावलंय. तिची नोकरी होईल, माझी जाईल, किंवा दोन्ही, किंवा काहीच नाही. काझीभाई म्हणतात होईल. त्यांनी भरतीचंही सांगितलं होतं म्हणा.

निरोप द्यायला संध्याकाळी पेणच्या स्टँडवर तिला भेटले. सकाळी आठच्या एसटीने दोघी जाऊ म्हटलं. बरं म्हणाली. तिची गाडी लागली, ती पायरीवर चढली, पुन्हा खाली उतरली.

"उद्या जेवन मी आनतंय. त्याचेच डब्यान. तू घरना काय आनू नको."

मी हो म्हटलं.